मातृभाषेचा रकाना

प्रिय दादा,

फोनवर हे माझ्याच्यानं बोलवेना, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात कागद बाजूला ठेवायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर आई पुन्हा बोलायला लागली तेव्हा आपण दोघं किती खूश झालो होतो! पण बोलतेय ते तिच्या माहेरच्या भाषेत. लग्नानंतर शिकलेली आपली भाषा पार पुसली गेलीय. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं शेवटचं माणूस म्हणजे मावशी, आणि ती गेल्या वर्षीच गेली.

गंमत बघ. याच हॉस्पिटलात मी दुभाषी. पाच भाषांवर पोट भरते. परक्या बायकांच्या कळा, परक्या म्हाताऱ्यांच्या तक्रारी डॉक्टरांना नीट समजावते. आणि तिसऱ्या मजल्यावर आई दिवसभर एकच काहीतरी मागायची, तर मला ओ की ठो कळेना. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पाणी दिलं, तिनं भांडं ढकललं. चादर दिली, खिडकी उघडली, तुझा फोटो दाखवला, बाबांचा चष्मा हातात दिला. नाही. दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा तेच म्हणायची.

त्या रविवारी तुला ऐकवायला तिच्या तोंडाशी फोन धरला. सात वर्षांचा होईपर्यंत तू तिच्याशी त्याच भाषेत भांडायचास, म्हणून मला केवढी आशा होती! काहीच आठवत नाही म्हणालास आणि मी तुला नको नको ते बोलले. चुकले रे. तुला शाळेनं विसरायला लावलं. मी तर शिकलेच नाही. उलट शाळेच्या फाटकाशी आईनं त्या भाषेत हाक मारली की मी ओळख नसल्यासारखी पुढे चालायला लागायचे.

आता खरं सांगते. आईला दाखल करताना फॉर्म मीच भरला. मातृभाषेच्या रकान्यात मी आपली भाषा लिहिली. माझ्याच ऑफिसातल्या बायका शेजारी उभ्या होत्या, त्यांना कशाला कळायला हवं, असं वाटलं. याच रकान्यावरून मला वॉर्डात बोलावणं येतं, दादा. दुसऱ्या कुणी तो असा भरला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. सोमवारी नवी नर्स आली. तिनं फॉर्म वाचला, आईचं बोलणं ऐकलं आणि लिहिलं, असंबद्ध बडबड. डॉक्टरांनी शांत राहायचं औषध सुरू केलं. थकून झोपतेय, असं मला वाटत राहिलं. गुरुवारी तो शेरा वाचला. रकाना खोडला, तिच्या भाषेचं नाव लिहिलं, औषध बंद करायला लावलं. शुक्रवारी सकाळी दुसरा झटका आला. औषधाचा दोष नाही म्हणतात. नसेल. पण आता ती बोलणार नाही, आणि फार दिवस काढणारही नाही. बोलता येत होतं ते शेवटचे चार दिवस मी तिला झोपवून ठेवलं. तू येशील आणि आल्याआल्या विचारशील, आई शेवटी काय म्हणाली. मला माहीत नाही, दादा. तिनं सांगितलं होतं. शंभरदा सांगितलं होतं.

तुझीच,
धाकटी