एप्रिल ते जुलैचं पाणी

५ मे
यशवंतपूरला, मराठी मंडळातल्या अण्णांच्या कापड रंगवायच्या कारखान्यात. त्यांचा दावा: एप्रिल ते मार्च या गेल्या वर्षात वापरलेलं सगळं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरलं, बाहेर थेंब सोडला नाही. तो तपासून खात्री द्यायचं काम माझं. अहवालाची एक प्रत पलीकडच्या कॉलनीला. त्यांच्या बोअरला लालसर पाणी येतंय; अहवाल येईपर्यंत त्यांनी तक्रार थांबवलीय.
ऊन. घसा बसलाय. परवा मंडळात ‘विश्वास’ या विषयावरच्या भाषणात गरज नसताना फार ओरडलो.

६ मे
पाण्याचा मीटर गेल्या ऑगस्टमध्ये बसवलाय. मॅनेजरने कौतुकानं दाखवला. मग एप्रिल ते जुलैचे आकडे? “पुढच्या महिन्यांवरून काढले, सर. सरासरी.”
नंदिनी, माझी सहकारी, बाहेर येऊन म्हणाली, “सर, हा एव्हिडन्स नाहीये. अंदाज आहे.”
केमिकलची खरेदी पाहिली, विजेचा वापर पाहिला. दाव्याशी धड जुळत नाही, धड विरुद्धही जात नाही.

८ मे
अण्णा स्वतः ऑफिसात. बेळगावकडचा माणूस, मंडळात मला पहिल्यांदा माइकसमोर उभं केलं ते यांनीच.
“ते दुसरं हलकं प्रमाणपत्र असतंय की रे. ‘आमच्या नजरेस काही वावगं आलं नाही’ म्हणून लिहायचं. ते दे.”
म्हटलं, ते सुरुवातीला ठरतं. पुरावा सापडेना म्हणून अर्ध्यात खात्रीची पातळी उतरवता येत नाही.
“आलंय काय तुझ्या नजरेस? नाही न्हवं? मग खोटं कुठं आहे त्यात?”
खोटं नाही, हाच तर त्रास. मीटरच नव्हता, तर नजरेस येणार काय? शब्द न् शब्द खरा आणि वाचणारा फसणार.
उठताना म्हणाले, “स्टेजवर बोलतोस तेवढंच बरं बघ तू.” चहा तसाच.

९ मे
नंदिनी: “सर, काम सोडूया?” नको. सोडलं तर कॉलनीच्या हाती काहीच नाही.
मसुदा: ऑगस्टपासून दावा योग्य. एप्रिल ते जुलै पुरेसा पुरावा नाही, त्यावर निष्कर्ष देता येत नाही. खाली संतापाचं एक पान लिहिलं होतं. “सर, भाषण काढा.” काढलं.

१३ मे
काल अहवाल दिला. अण्णांचा फोन नाही. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमातून माझं नाव गेलंय. जाऊ दे. बोलायचं त्राणही नाही.
संध्याकाळी फोनवर लीलाअक्का, कॉलनीच्या सेक्रेटरी. “सर, वाचला. स्वल्प सोपं करून सांगा. त्या महिन्यांत पाणी सोडलं का त्यांनी?”
“माहीत नाही, अक्का.”
“म्हणजे नाही सोडलं?”
“तसंही म्हणता येत नाही.”
“तुम्ही आत जाऊन बघून आलात न्हवं?”
म्हटलं, मीटर नसतानाचं पाणी आत जाऊनही दिसत नाही. मग म्हणाल्या, “सरी, ठीक आहे. तक्रार पुन्हा घालू का नको, तेवढं तरी सांगा.”
तिऱ्हाईत राहायचं तर हे मी सांगायचं नाही. म्हटलं, तो परिच्छेद परत एकदा वाचा.
“वाचला, सर. उद्या मीटिंग आहे. लोक विचारतील, तुम्ही काय म्हणालात.”
‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला. अजून कळवलेलं नाही.