उणे एक कुणापुढे

प्रिय झिओने,

म्झुझूच्या शाळेत तू गणित शिकवतेस, हे तुझ्या मावशीकडून बाजारात कळलं. पोरं नशीबवान आहेत. इथे ब्लँटायरला आपल्या रुग्णालयातलं मेंदूच्या स्कॅनचं यंत्र दोन आठवडे रुसून बसलं होतं, परवा एकदाचं सुरू झालं.

नव्या लोकांना गटांची तुलना शिकवताना मी तुझाच आलेख दाखवतो. मेंदूत मलेरिया चढून वाचलेली अठ्ठेचाळीस मुलं. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना नेहमीचं. संगणकाला द्यायच्या ओळीत एका गटापुढे अधिक एक, दुसऱ्यापुढे उणे एक, आणि वयाची तुलना नको म्हणून त्याच्या रकान्यात शून्य. कुणातून कुणाला वजा करायचं, एवढंच त्या ओळीत सांगायचं असतं. ती ओळ लिहिली आणि चित्रात स्मरणशक्तीच्या जागी लाल ठिपका फुलला: नव्या औषधाने मेंदू जास्त शाबूत राहिला! आपल्या विभागप्रमुख कालुआबाईंनी सगळ्यांना मासे खिलवले. औषध सगळ्या जिल्हा रुग्णालयांत पाठवायचं पत्रही तयार झालं.

तू मात्र जेवण सोडून त्या जागेचे आकडे एकेका मुलाचे काढत बसलीस आणि पेन्सिलीने कागदावर मांडलेस. मग माझ्यापाशी येऊन हळूच म्हणालीस, "दादा, नव्या औषधाची मुलं तर खाली दिसतायत. एकदा बघता का?" मी म्हणालो, "अगं, चार वेळा तपासलंय. जा, मासे गार होतील."

तू गेली नाहीस. बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलंस: यादीत पहिला रकाना नेहमीच्या औषधाचा होता, नव्याचा नव्हे. चिन्हं उलटी पडली होती. नव्या औषधाने मेंदूचा तो भाग उलट झिजत होता. एक वाक्यही तू मागे घेतलं नाहीस. एवढं धैर्य मी माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेलं नाही.

कालुआबाई कडाडल्या, "ही ओळ लिहिली कुणी?" तू म्हणालीस, "चूक आमच्या टेबलाची आहे, बाई." त्या टेबलावर काम करणारे आपण दोघंच. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, कारण तू नवी होतीस. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश पीत राहिलो. पुढे शिष्यवृत्तीच्या यादीतून तुझं नाव गळालं आणि तू इथून निघून गेलीस, तेव्हाही मी गप्पच होतो. तू एका शब्दानेही माझं नाव घेतलं नाहीस.

झिओने, ती ओळ मी लिहिली होती. सोमवारी मी हे कालुआबाईंना आणि शिष्यवृत्ती समितीला लेखी कळवलं. प्रत सोबत जोडली आहे. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "लिम्बानी, तिला आधी पत्र लिही." समिती तुझा अर्ज पुन्हा बघणार आहे. माझी जागा राहील का, ते ठाऊक नाही. तू परत यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तुझी माफी समोर येऊन मागायची आहे. म्झुझूला येऊ का, एवढंच कळव.

तुझाच,
लिम्बानीदादा