नव्वदाव्या दिवसाचा फोटो

संत तुकाराम नगर, पिंपरी
१९ जानेवारी २०२५

प्रिय आम्रपाली,

सप्रेम जय भीम. मावशींनाही माझा जय भीम सांग. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. उदगीरला थंडी कडक असेल. इथे फक्त पहाटे स्वेटर लागतो.

पत्र बघून तुला हसू येईल. तीन ओळींच्या मेसेजचा कंटाळा करणारी वहिनी पोस्टात कधी गेली? पण तू आईंशिवाय कुणाचा फोन उचलत नाहीस. आणि उचललास तरी मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून देईन. मी मला चांगली ओळखते.

तुझा दादा तसाच आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते आणि तिच्याबरोबर घोरण्याची वेळ. आईंचे गुडघे कुरकुरतात. बाबा सकाळी विहारापर्यंत चालत जातात, येताना पेपर आणतात. चाकणच्या कंपन्यांची बातमी असली की ते पान न वाचताच उलटतात.

माझे स्प्रे चालू आहेत. एका खेपेला बाराच बाटल्या. पाणी उकळून उतरवायचं, त्यात रोजमेरीची वाळकी पानं, मेथी, कढीपत्ता, चार लवंगा टाकून रात्रभर झाकायचं आणि सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायचं. टिकावं म्हणून काही घालत नाही, त्यामुळे फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस. हे मी तुला कशाला सांगतेय? फडक्याचं दुसरं टोक धरायला तूच असायचीस. आता मी ते नळाला बांधते.

चेहऱ्याचा गुलाब-कडुनिंबाचा स्प्रे वाकडच्या सोसायट्यांमधून बरा जातो. केसांचा मात्र आजवर तुझ्या वेणीवरच विकला गेला. पहिला दिवस, तिसावा, साठावा, असे तुझे तिन्ही पाठमोरे फोटो कालपर्यंत माझ्या पेजवरच होते. मी हटवले नव्हते. नव्वदाव्या दिवसाचा कधी टाकणार, असं लोक विचारतात. मी तो मेसेज पुसून टाकते.

एक सांगते, वेड लागलंय म्हणू नकोस. गाळताना फडक्यात केस सापडतो. एकच, लांब, काळा. माझे केस खांद्याला टेकत नाहीत, आईंचे पांढरे. फडकं जुनं म्हणून असेल, असं म्हणून नवं आणलं. परवा नव्यातही होता.

आणि पहाटे पाचला, तू कंपनीच्या बससाठी आवरायचीस त्या वेळी, मोरीतून स्प्रे मारल्याचा आवाज येतो. फुस, फुस, आणि थोडं थांबून तिसरा, तू मानेवर मारायचीस तसा. मी उठून बघते. मोरी कोरडी असते. एकदा मागे वळले तर आई उभ्या. 'तहान लागली,' म्हणाल्या. हातात तांब्या नव्हता.

तुझ्या अपघाताबद्दल या घरात एकच बोलणं होतं, बाबांचं. 'एकतीस वर्षं लेथवर काढली, नखाला धक्का लागला नाही. अन् माझ्या पोरीनं मशीनवर केस मोकळे सोडले.' पहिल्यांदा ते हे बोलले तेव्हा तुला दवाखान्यातून येऊन चारच दिवस झाले होते, डोक्याला पट्ट्या होत्या. मी कणीक मळत होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी परातीत बघत राहिले. मग तू म्हणालीस, 'माझीच चूक झाली, बाबा.' कंपनीच्या चौकशीतही तू तेच लिहून सही केलीस. मावशींकडे निघालीस त्या दिवशी बाबा गॅलरीतून आत आले नाहीत.

दवाखान्यात मी रोज तुझ्या उशाशी बसायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, नणंदेवर काय माया आहे. माया होतीच गं. पण मी राखणही करत होते, तू कुणाला काही सांगतेस का याची.

आता मुद्द्यावर येते. येते येते म्हणत दोन पानं खाल्ली.

मंगळवारी ताथवड्याच्या एका मुलीचा मेसेज आला. चाकणला ट्रेनी आहे. 'ताई, लेबलवर लिहिलंय की स्प्रे मारल्यावर दोन तास केस बांधू नका. पण माझी बस साडेपाचला असते. टोपीत सैल सोडले तर चालतील का?'

हा प्रश्न तुझा होता. लेबलवरची ती ओळ मी तुझ्या अपघाताच्या आठवड्यातच टाकली होती, कुणीतरी वासाची तक्रार केली म्हणून. तोवर तू अंबाडा घट्ट बांधूनच कामाला जायचीस. त्या पहाटे नवी बाटली हातात घेऊन तू मोरीच्या दारात उभी राहिलीस आणि विचारलंस. मी बाटल्या भरत होते. मान वर न करता म्हणाले, 'टोपीत सैल सोड. ओले बांधलेस की मेथीचा वास येतो, केस गळतात. फोटोला चारच दिवस राहिलेत.' तू म्हणालीस, 'सुपरवायझर ओरडेल.' मी म्हणाले, 'तो काय टोपीच्या आत बघायला येतोय?'

शहाऐंशीवा दिवस होता तो. टोपी तुझ्या डोक्यावर होती. तू ड्रिलवर वाकलीस, आतले केस मागून घसरले आणि ड्रिलने ओढून घेतले. ते तू मोकळे सोडले नव्हतेस, आम्रपाली. मी सोडायला लावले होते.

त्या मुलीला लिहिलं की केस घट्ट बांध, सगळे टोपीत घाल, कामाच्या दिवशी हा स्प्रे लावूच नकोस. मग फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्यांची लेबलं नखांनी खरवडली. तेवढ्याने भागणार नव्हतं. काल दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

तुझा दादा उठून बाहेर गेला. आला, पण माझ्याशी बोललेला नाही. आईच बोलल्या. 'मला माहीत होतं. त्या दिवशी मी तिथंच तिचा डबा भरायलते.'

'मग बोलली का नाहीस?' बाबांनी विचारलं.

'पोरीनंच माझा हात धरला दवाखान्यात. म्हणली, आई, वहिनीचं नाव घेऊ नको, दादाचं घर मोडंल.'

म्हणजे सात महिने तू माझं घर राखत होतीस, आणि त्याच घरातून तुला जावं लागलं. हे ऐकून मी रडले नाही. रडायचा हक्क कुठून आणू?

बाबांनी चपला घातल्या, परत काढल्या. म्हणाले, 'ती चूक झाली म्हणली अन् मी धरून बसलो. का सोडले केस, एवढं एकदाबी विचारलं नाही.' बुधवारच्या गाडीने ते तुझ्याकडे निघतायत. मला चल म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. तू बोलावलंस तरच येईन.

बाबांसोबत दुसरा एक कागद देते आहे. कंपनीसाठी, माझ्या सहीचा. केस सैल सोडायला मी सांगितलं होतं, असं त्यात लिहिलंय. पुढे द्यायचा की फाडायचा, तू ठरव. माफी मागत नाही. मागितली की ती देण्याचं कामही तुझ्याच गळ्यात पडेल, आणि तू देऊन मोकळी होशील, मला माहीत आहे. फोटो काल रात्रीच हटवले.

आज पहाटेही आवाज आला. दोन, आणि थांबून तिसरा. मी उठले नाही. आई उठल्या. मोरीच्या दारात उभ्या राहिल्या आणि अंधारात हळूच म्हणाल्या, 'नीट बांध गं केस, बाळा.'

'टोपीत सैल सोड' म्हणणारी,
तुझी वहिनी,
मिनल