अर्ध्या सेकंदाचं मंदावणं

प्रिय दादा,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर आपण आईच्या गोळ्या आणि तिचे गुडघे यांपलीकडे जात नाही. मला जे सांगायचंय ते तू मध्येच "बरं, ठेवतो" म्हणालास तर राहूनच जाईल.

मंगळवारी पहाटे आम्ही पुन्हा आपला तो दगड गाठला. शनीच्याही पलीकडून सूर्याभोवती फिरणारा, मोठ्या दुर्बिणीतही नुसता ठिपका दिसणारा. नऊ वर्षांनी तो परत एका ताऱ्यासमोरून जाणार होता. या वेळी सात ठिकाणी माणसं बसवली होती, सगळ्यांकडे वेगवान कॅमेरे. तारा अकरा सेकंद विझला, ते अपेक्षितच होतं. पण त्याआधी एकदा आणि नंतर एकदा तो अर्धा अर्धा सेकंद मंदावला. सातही ठिकाणी. त्या दगडाभोवती कडं आहे, दादा. माझे विद्यार्थी एकमेकांना मिठ्या मारत होते. मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

नऊ वर्षांपूर्वी मी संस्थेच्या दुर्बिणीवर होते आणि तू तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या गच्चीवर, स्वतः घासलेला आरसा बसवून. जिन्यातला दिवा चुकून कुणी लावू नये म्हणून वहिनीने बल्बच काढून ठेवला होता, आणि मग तूच पायरी चुकलास. सुजलेल्या घोट्याने तू ते चित्रण केलंस. माझ्या कॅमेऱ्याचं एकेक चित्र तीन सेकंदांचं, तुझ्या कॅमेऱ्याची सेकंदाला दहा. उजाडताच तुझा फोन आला. "धाकटे, तारा तीनदा गेला गं. मधे मोठा, दोन्ही बाजूंना चिमुकले." मी म्हणाले, पातळ ढग असेल, नाहीतर वहिनी गच्चीवर चालली असेल. वहिनी खालीच होती, हे तू दोनदा सांगितलंस.

पुढच्या आठवड्यात तू रजिस्टर काखेत मारून आमच्या बैठकीला आलास. इस्त्रीचा शर्ट, पाय अजून लंगडत होता. आमच्या सरांनी तुझ्या नोंदींबद्दल विचारलं, तेव्हा मी म्हणाले की आमचा दादा दुसऱ्यांचे डोळे तपासतो, स्वतःचे तपासायचे राहिलेत. सगळे हसले. तूही हसलास, आणि रजिस्टर उघडलंच नाहीस. नंतर मी कळवलं की तू दिलेली चित्रणाची फाइल खराब निघाली, उघडत नाही. लेख छापून आला तेव्हा तुझं नाव शेवटी, आभारांत, वाहनचालकाच्या खाली होतं. त्या वर्षी तू दुर्बीण एका शाळेला देऊन टाकलीस. आई म्हणाली, दादाचा छंद सुटला. मी मान हलवली.

दादा, ती फाइल खराब नव्हती. मी ती तीनदा पाहिली होती. दोन्ही छोटी मंदावणी मधल्या अंधारापासून सारख्याच अंतरावर होती, आणि ढग असं मोजून मापून येत नाही. पण ते खरं धरलं असतं तर प्रबंध वर्षभर लांबला असता आणि नोकरीची मुलाखत दोन महिन्यांवर होती. मी ती माझ्या हाताने पुसली. आता नवा लेख तयार आहे. त्यात मी हे सगळं लिहिलंय, पुसल्याचंही. त्याचं इथे काय व्हायचं ते होईल. तुझ्याकडे चित्रणाची मूळ प्रत किंवा ते रजिस्टर उरलं असेल तर कडं पहिल्यांदा कुणी पाहिलं हे सिद्ध होईल. नसेल, तर फक्त माझा शब्द उरतो, आणि त्याला आता किती वजन आहे ते तुला माहीत आहे. लेखाची एक प्रत सोबत ठेवलीय. तू वाचून कळवेपर्यंत मूळ लेख माझ्या टेबलावरून हलणार नाही. माफी पत्रातून मागत नाही. तू ये म्हणालास, तर समोर येऊन मागेन.

तुझंच,
शेंडेफळ