तुम्ही उलटे बसायचात

त्या सकाळी मी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडून चुलीत सारत होते आणि तुम्ही पाट उचलून भिंतीकडे तोंड करून बसलात, माझ्याकडे पाठ. आत्याबाई ताक घुसळत होत्या. त्यांनी रवी थांबवली.

"काहून रे, बायकोवर रुसला का? नीट बस."

"रुसलो नाही माय. विमानात असाच बसतो, ते दाखवून राह्यलो."

लढाईवरून मिळालेली तुमची सुट्टी संपत आली होती. साऱ्या आसेगावला वाटायचं, विमान तुम्हीच चालवता. आत्याबाई तर मंगरूळच्या बाजारात अनोळखी बायांनाही तसं सांगायच्या आणि तुम्ही हसून सोडून द्यायचात. त्या गोठ्यात गेल्यावर तुम्ही मला समजावलंत. विमानात माणसं दोनच. चालवणारा पुढे, त्याच्या पाठीमागे उलटं तोंड करून तुम्ही, हाताशी बंदूक. मागून कोणी येतं का ते पाहायचं.

"म्हंजे बैलगाडीच्या मागं पाय सोडून बसल्यावानी," मी म्हटलं.

"तसंच. फक्त बैल लय उधळते."

मी हसले. तुम्ही मात्र भिंतीकडेच पाहत हळू आवाजात म्हणालात, "बॉम टाकला का चालवणारा विमान वर काहाडते. त्याले आभाळ दिसते. खाली जे होते ते मलेच दिसते."

खाली काय होतं ते मी विचारलं नाही. तव्यावरची भाकर उतरवली, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि ताट तुमच्या पुढ्यात, भिंतीच्या बाजूला नेऊन ठेवलं. तुम्ही आणखी एक मागितलीत.

कापूस फुटला तेव्हा सरकारचा कागद आला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून अक्षरं जुळवायला मी नंतर शिकले, आपली आपण. तो कागद शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवला. ब्रह्मदेशाकडे धुकं होतं, विमान डोंगरावर आदळलं, दोघेही गेले.

आत्याबाईंनी बोलणं टाकलं, खाणंही जवळजवळ टाकलं. मला वाटलं, ह्याही जातात आता. तेरवी होऊन पाहुणे गेले त्या दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"पोरी, तो डोंगर त्याले येताना दिसला असन का वं? लय भेला असन माहं लेकरू."

"नाही आत्याबाई. ते उलटे बसत. डोंगर समोरून आला. त्यायले मागचंच दिसत असन."

"खरं सांगतं?"

"खरं. मले बसून दाखोलं होतं त्यायनं, तुमच्यासमोरच."

मग त्या रडल्या, पहिल्यांदाच. संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकर थोडी खाल्ली. पुढे कितीक वर्षं जगल्या, आणि मधूनच तेवढंच विचारायच्या. मी तेवढंच सांगायची.

हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून लिहिते. त्याच सकाळी तुम्ही सांगितलं होतं की दोघांच्याही कानाला फोन असतो, दिसत नसलं तरी बोलणं चालूच राहतं. चालवणाऱ्याला डोंगर दिसला असेल आणि तो काही बोलला असेल, तर ते तुम्ही ऐकलं असेल. हे मी आत्याबाईंना सांगितलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी कापूस वेचायला गेले.