तरंगणारी हातजाळी

शहापूर
जि. भंडारा, १० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादांस,
खेमराजचे शि. सा. न. वि. वि.

तुमच्याविरुद्ध एक तक्रार आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने मांडतो आहे. दिवाळीत एकोडीला आलो तेव्हा मी तुमच्या हाती एक हातजाळी दिली. गळाला लागलेला मासा पाण्यातून अलगद उचलून नावेत, आपल्या डोंग्यात घ्यावा, एवढाच तिच्या जन्माचा हेतू. आता गीतावहिनींनी ज्योत्सनाला फोनवर सांगितलं की त्या जाळीने आजवर फक्त जांब तोडले गेले आहेत. शाळेच्या पुस्तकात ज्याला पेरू म्हणतात, तेच फळ. तेही शेजारच्या झाडाचे. हातजाळीचा अपमान मी एक वेळ सोसेन, पण चोरीला साधन पुरवल्याचं पाप माझ्या माथी नको.

त्या जाळीसाठी आमच्या घराने काय सोसलं हे तुम्हाला ठाऊक नाही. तिचं गोल कडं म्हणजे आमच्या बंद पडलेल्या टेबलफॅनचा पुढचा घेर. जाळं आमच्या शाळेने टाकून दिलेल्या बॅडमिंटनच्या नेटचं. ते दोनदा घडी करून शिवलं, म्हणजे माशाचे खवले सोलवटणार नाहीत. आणि दांडा कोळिष्टकं काढायचा, खेचला की लांब होणारा. तो गेल्यापासून आमच्या घरातले कोळी निर्भय झाले आहेत. ज्योत्सना म्हणते की लग्नाला चोवीस वर्षं झाली, भिंतीत एक खिळा ठोकून मागितला तर भावजींच्या मासोळीइतकी तत्परता कधी दिसली नाही. मी मौन धरलं. शास्त्रात मौनाला संमती म्हणतात, संसारात शहाणपण म्हणतात.

फोन करण्यात अर्थ नाही. तुम्ही कानाला लावून सगळ्याला हो हो म्हणता आणि ठेवल्यावर वहिनींना विचारता की खेमराज काय म्हणत होता. तेव्हा बाबांची जुनी रीतच बरी. पत्र लिहा. जाळी तलावावर नेली का, तेवढं खरं कळवा.

जांब संपले की लोभ आमच्याकडे वळवावा.

आपला धाकटा,
खेमराज


एकोडी
१८ नोव्हेंबर

चि. खेमराज यास भैयालालचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहोत.

जांब गीतानं तोडले, मी खाली उभा राहून फक्त झेलले. ज्यानं खबर देल्ली त्याचाच हात होता, हे ध्यानात ठेवजो.

तुही जाळी तलावावर नेली. कडं नंबर एक आहे. दांड्याचं मात्र बाप्पा काही सांगू नको. सकाळी एक कतला लागला, चांगला मोठा. मी जाळी त्याच्या खाली घातली अन् उचलाले गेलो, त दांडा गोगलगाईवानी आतमध्ये गेला. मी वर ओढून राहिलो, दांडा आखूड होऊन राहिला. कतल्यानं पाहिलं असन की हे दोघं आपसात भांडून राहिले, अन् थो गेला निघून. मारोतराव बाजूच्याच डोंग्यात होता. एवढा हासला की त्याचा गळ शिंगाड्याच्या वेलात अटकला. त्यानं सगळ्या गावाले सांगतलं की संस्कृत शिकवणाऱ्या गुरुजीनं संस्कृत जाळी पाठवली, मासा अर्थ विचारते अन् निघून जाते.

तू रागावू नको. दांडा पक्का करून दे, बाकी काम चांगलं आहे. मोठं जाळं ओढणं आता माह्यानं होत नाही, म्हणून या एका गळावरच मन रमते. मच्छीमार संस्थेचे पोरं मोठं जाळं टाकतात, मी दूर शिंगाड्याच्या कडेले बसून राहतो.

आणखी एक. उजव्या हातात गळ राहते म्हणून जाळी डाव्या हातानं घ्या लागते. अन् डाव्या हाताची बोटं मधातच सुन्न पडतात, दांडा कधी सुटला समजत नाही. दोन डाव जाळी तळाले गेली, मारोतरावनं बुडी मारून काढून देल्ली. वय झालं, दुसरं काही नाही. त्याच्यावर काही जुगाड सुचला त पाहजो.

ज्योत्सनाले आशीर्वाद सांगजो. तिच्या घरचे कोळी सुखी राहोत.

तुहा दादा,
भैयालाल


शहापूर
२७ नोव्हेंबर

तीर्थरूप दादांस,
खेमराजचे शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. मारोतरावांचं वाक्य मी स्टाफरूममध्ये स्वतःच सांगितलं, दुसऱ्याने सांगण्याआधी. इतिहासाच्या सरांना ते फारच आवडलं. एवढ्यासाठी मारोतरावांना माझा नमस्कार सांगू नये.

सोबत, साकोलीला येणाऱ्या आमच्या शिपायाच्या हाती, सुधारलेली हातजाळी पाठवतो आहे. दांड्याच्या सांध्यातून आरपार बोल्ट घातला, आता तो कुणाशीही भांडला तरी आखूड होणार नाही. कड्याच्या चारी बाजूंना रबरी चपलेचे तुकडे कापून बांधले, म्हणजे जाळी हातातून सुटली तरी तरंगत राहील आणि मारोतरावांना बुडी मारावी लागणार नाही. चपला ज्योत्सनाच्या. तिला अजून वाटतं की कुत्र्याने नेल्या. कुत्र्याची मी मनातल्या मनात क्षमा मागितली आहे, तिची मागण्याचं धैर्य होत नाही.

तुमच्या हाताचा उपायही केला. दांड्याच्या टोकाला दप्तराचा जाड पट्टा शिवून त्याचा फास केला आहे. डोंग्यात बसलात की तो डाव्या मनगटाला दोन वेढे घालून घट्ट करायचा. मग बोटं सुन्न पडोत की झोपी जावोत, दांडा कुठे जात नाही. पाण्यात उतरताना अंगाला काही बांधू नये, जाळं गेलं तर जाऊ द्यावं, असं बाबा म्हणत, ते मला आठवतं. हा पूर्वपक्ष झाला. उत्तरपक्ष असा की बाबा मोठ्या जाळ्याबद्दल बोलत होते, जे माणसाला ओढून नेतं. ही तर हातभर तोंडाची जाळी. शिवाय तुम्ही पाण्यात नाही, डोंग्यात असता. तेव्हा निःशंक बांधा. विसरू नका. दोन वेढे.

बोटांचं म्हणाल तर थंडी पडली की माझ्याही हातातून खडू सुटतो. तिळाचं तेल कोमट करून रात्री चोळायला वहिनींना सांगा.

पुढचा कतला अर्थ न विचारता वर येईल अशी आशा आहे. त्याचं एक शेपूट आणि उरलेला सगळा लोभ इकडे पाठवावा.

आपला,
खेमराज


एकोडी
१२ डिसेंबर

चि. खेमराज यास आशीर्वाद. जाळी मिळाली. तिचं काम आता पक्कं झालं. बदकावानी तरंगते. गावातले लोक पाहाले येऊन राहिले, अन् संस्थेतला अमर म्हणते की मले बी अशी करून द्या. त्याले सांगतलं की आधी बायकोची चप्पल आण.

कतला लागला होता, मागच्यापेक्षा मोठा. जाळीत बराबर आला होता. मंग गेला. जाऊ दे, तलावातच आहे, कुठी जाते.

पट्टा तुटला. म्हणजे कापा लागला. काही विशेष नाही. तू चिंता करू नको, तसाच दुसरा मी करून घेतला, गीताच्या लुगड्याच्या काठाचा. दोन वेढे घेतो, तू लिहलं तसे.

थोडी सर्दी झाली आहे, पाणी थंड आहे. पत्राच्या ओळी सरळ दिसन त्याचं कारण की गीतानं कागद धरून ठेवला. तेल चोळून राहिलो.

शाळा कशी आहे? पोरायले जास्त मारत जाऊ नको.

तुहा दादा,
भैयालाल


एकोडी
१४ डिसेंबर

चि. खेमराज भाऊजी यांस,
गीताबाईचे आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या दादाले माहीत नाही. परवा त्यांनी लिहलं तवा मी कागद धरून बसली होती, अन् त्यांनी काय लिहलं अन् काय नाही लिहलं, दोन्ही पाहून राहिली होती. म्हणून लिहून राहिली.

थे पाण्यात पडले होते. मोठा कतला जाळीत आला, यांनी उचलला, अन् हात गेला. बोटं सुटली पण पट्टा मनगटाले होता. मासा खाली घुसला अन् जाळीचं कडं शिंगाड्याच्या वेलात अटकलं. डोंगा सरकून गेला. हे पडले ते त्या हातावरच. तुम्हाले माहीत आहे, यांच्यासारखं पोहणारा गावात नाही. पण एक हात जाळीले बांधलेला, अन् उजव्या हातानं गाठ सोडाले जावं त तोंड पाण्यात जाये. मारोतरावले आधी तुमच्या चपलीचे तुकडे दिसले, वर तरंगून राहिले होते. त्याले वाटलं जाळी पुन्हा सुटली, म्हणून हासत हासतच आला. जवळ येऊन पाहते त हे तिच्या खाली. शिंगाड्याचे वेल कापाचा विळा त्याच्याजवळ होता, त्यानं पट्टा कापला.

घरी आणलं तवा ओठ निळे होते. दोन दिवस ताप होता. आता उतरला. पण डावा हात आता चहाचा पेला धरत नाही, भाऊजी. सांडते. मंग म्हणतात पेलाच गरम होता. दवाखान्याचं नाव काढलं की जाळी घेऊन उठतात.

मी म्हटलं, मामाजी, तुमचे बाबा, काय सांगून गेले होते, अंगाले काही बांधू नका. त यांनी तुमचं पत्र काढून दाखवलं. म्हणतात खेमराजनं त्याचा विचार केला आहे, कारण देऊन लिहलं आहे, थो शिकलेला आहे. अन् एवढ्या मेहनतीनं करून पाठवलं, बांधलं नाही त त्याले काय वाटन. म्हणून माह्या लुगड्याचा काठ फाडून नवा पट्टा केला. माह्यानं थे पाहवल्या जात नाही.

मी तुम्हाले दोष नाही देत. तुम्ही भल्यासाठी केलं. पण थे माह्यं ऐकत नाहीत, मारोतरावचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. म्हणून तुम्ही सांगा.

ज्योत्सनाले आशीर्वाद. तिच्या चपला आमच्या तलावात तरंगतात असं सांगून ठेवा.

तुमची वहिनी,
गीताबाई


शहापूर
१७ डिसेंबर

तीर्थरूप दादांस,
खेमराजचा नमस्कार.

आज तक्रार नाही. वहिनींनी मला सगळं कळवलं आहे. त्यांच्यावर रागावायचं असेल तर आधी माझ्यावर रागावून घ्या. तिथेच राग संपेल इतकं माझ्या नावावर जमलं आहे.

त्यांचं पत्र वाचून मी शाळेत गेलो आणि पहिल्या तासाला नेहमीसारखं शिकवलं. दुसऱ्या तासाला एका मुलाने दप्तर बाकावर ठेवलं, तर मी त्याच्या पट्ट्याकडे बघतच राहिलो. वर्गाला वाटलं, सर रागावले. सगळे हात बांधून बसले. ते तर त्याहून वाईट दिसलं.

तुम्ही स्वच्छ लिहिलं होतं की डाव्या हाताची बोटं सुन्न पडतात. ते वाचून हाताची काळजी वाटायला हवी होती. मला काळजी वाटली दांड्याची. डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी पट्टा शिवत बसलो, आणि तो झकास जमला म्हणून खूशही झालो. बाबांचं सांगणं मला आठवत नव्हतं असंही नाही. आठवत होतं, आणि ते खोडून काढता आलं याचाच आनंद झाला होता. बाबांना वाद घालता येत नसे. त्यांना पाणी ठाऊक होतं, तसं ते तुम्हालाही आहे, आणि लहानपणी मलाही होतं. तरी मी दोन वेढे लिहिले आणि तुम्ही दोन वेढे घातलेत. दादा, माझं इतकं ऐकायचं नाही. लहानपणी कुठे ऐकत होतात?

आता जे लिहितो ते मात्र ऐका. लुगड्याच्या काठाचा तो पट्टा आजच कापायचा. विळा मारोतरावांचाच घ्या, त्याला सवय आहे. त्यांना म्हणावं, गुरुजींचा साष्टांग नमस्कार आहे, आणि संस्कृत जाळीचा विनोद ते आता हवा तिथे सांगू शकतात. जाळीने जांब तोडावेत. ते काम तिला शोभतं. शेजाऱ्यांशी मी बोलतो.

शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. आंघोळ करून, स्वेटर घालून तयार राहा. भंडाऱ्याला हात दाखवायचा आहे. वय झालं, पेला गरम होता, ही दोन्ही कारणं डॉक्टरांसमोर मांडायला तुम्हाला मुभा आहे. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. चार दिवस आमच्याकडे राहायचं. कोळिष्टकं भरपूर आहेत, करमणूक होईल. ज्योत्सनाला मी चपलांचं सांगितलं. तिने नवी रजई काढून उन्हात घातली, आणि मग म्हणाली की शनिवारपर्यंत कशाला थांबता. मी रजेचं कारण सांगितलं. ते तिला पटलं नाही, आणि लिहिताना मलाही पटत नाही. तेव्हा शुक्रवारीच येतो.

तलाव सोडा असं मी म्हणणार नाही. तुम्ही सोडणार नाही, आणि सोडलात तर तुम्ही कोण राहाल ते मला ठाऊक नाही. पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत एकट्याने डोंग्यात बसायचं नाही. पुढे बसाल तेव्हा मागे कुणीतरी असू द्या. सुट्टीच्या दिवशी मी बसेन. माझ्या वजनाने डोंगा फार पुढे जाणार नाही, तेही बरंच आहे.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी लोभ तोडू नका.

तुमचा,
खेमराज

ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. त्या जाळीतला एकच जोड मला खरा साधला. ती बुडत नाही. वहिनींचं पत्र आल्यापासून डोळ्यापुढे तलाव येतो, त्यावर चपलेचे तुकडे तरंगताना दिसतात, आणि जवळपास कुणाचा डोंगा नसतो. दादा, मला फार भीती वाटते.