वहिनींची जोडीदार

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

सात महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल माफी. कुणाची मागते आहे ठाऊक नाही. पण दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणाऱ्या बाईनं स्वतःची पानं कोरी ठेवावीत याची लाज वाटते खरी.

आज दुपारी तळ्यावर पोचलो. ह्यांचा कॉलेजातला मित्र दातांचा डॉक्टर, पण इथे आला की तो कप्तान होतो. जुनी टोपी घालतो आणि सगळ्यांना हुकूम सोडतो. त्याचं घर अगदी काठावर आहे. दोन खोल्या, लांब व्हरांडा, समोर लाकडी धक्का आणि धक्क्याला बांधलेली वल्ह्यांची मोठी होडी. हे दरवर्षी येतात. मी दरवर्षी कामाची सबब सांगायचे. पाण्याची भीती वाटते असं सांगायची लाज वाटायची.

कप्तानाच्या बायकोला मी वहिनी म्हणते. माझ्या पिशवीतला शब्दकोश बघून त्या म्हणाल्या, तुम्ही काय तळ्यातल्या माशांच्या चुका काढायला आलात? मी पोट धरून हसले. इतकी वर्षं या बाईंना का टाळलं, असं वाटलं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, आणि आमची कन्या अर्ध्या तासात एकमेकींच्या वेण्या घालायला बसल्या.

होडीत इथला एक नियम आहे. प्रत्येकाची जोडी ठरलेली. कप्तानानं ‘जोडी’ अशी हाक दिली की आपल्या जोडीदाराकडे बघायचं आणि ‘आहे’ म्हणायचं. स्वतःसाठी नाही, दुसऱ्यासाठी. मुलींची एक जोडी, दोघा मित्रांची एक. वहिनींची जोडीदार मी. त्या म्हणाल्या, आता मी बुडाले तर जाब तुम्हाला.

शनिवार, १३ ऑक्टोबर

सगळे सुखरूप आहोत, हे आधी लिहिते.

माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा तुटका निघाला. वहिनींनी स्वतःचं काढून मला घातलं. म्हणाल्या, मला पोहता येतं, तुम्ही आपल्या दगडासारख्या बसा. तळ्याच्या मध्यावर मुली बगळा बघायला एका बाजूला धावल्या. होडी कलली आणि वहिनी पाण्यात गेल्या. नांगराचा दोर त्यांच्या पायात अडकला असावा. त्यांनी होडीची कड धरली, पण हात सुटला. कप्तानाची पाठ आमच्याकडे होती. दोघे मित्र वल्ह्यांनी होडी सावरत होते. कप्तान ओरडला, जोडी. मी म्हणाले, आहे.

आणि पाठीमागून, होडीच्या दुसऱ्या बाजूनं, एक गार हात माझ्या हातात आला. मी ओढलं. वहिनी वर आल्या. खोकल्यासुद्धा नाहीत.

कप्तानानं माझे हात हातात घेतले आणि रडला. हे अभिमानानं माझ्याकडे बघत होते. मी सोसलं.

रविवार, १४ ऑक्टोबर

काल लिहिलेलं खरं नाही. हात सुटला नाही. मी सोडवला.

होडी वहिनींच्या बाजूला झुकत चालली होती आणि त्या बाजूला कन्या होती. कन्येसाठी केलं, असं काल मी स्वतःला समजावलं. पण कन्येकडे मी पाहिलंही नव्हतं. माझ्या गुडघ्यावर पाणी आलं आणि मी खाली वाकून त्यांची बोटं एकेक करून उचकटली. त्यांनीच दिलेलं जॅकेट अंगात घालून. करंगळी निघेना, तेव्हा उलटी दाबली. तिचा आवाज झाला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी काय करते आहे हे त्यांना आधी कळलंच नव्हतं.

मग कप्तानाची हाक आली आणि मी ‘आहे’ म्हणाले. नाही म्हणाले असते तर त्यानं त्या क्षणी पाण्यात उडी मारली असती.

सकाळी वहिनींचा हात नीट पाहिला. करंगळी सरळ आहे. साधा ओरखडासुद्धा नाही.

आज परतायचं होतं, पण वहिनींनी चार दिवस राहायचा हट्ट धरला. मुलींना सुट्टीच आहे. ह्यांनी रजा वाढवली. मी बांधलेली पिशवी पुन्हा सोडली.

सोमवार, १५ ऑक्टोबर

आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला त्या सांगतात, हिनं मला धरून ठेवलं. आज दूधवाल्याला सांगितलं. तो मला वाकून नमस्कार करायला लागला.

हसतात तशाच, बोलतात तशाच. फक्त मला ‘तू’ म्हणतात. सतत माझा हात धरतात. त्यांचा तळवा वाळत नाही. त्या खुर्चीतून उठल्या की खाली ओल असते. कप्तान म्हणतो, केस धुतले असतील. दिवसातून किती वेळा?

चिमणी त्यांच्याजवळ जात नाही. दुपारी माझ्याशेजारी येऊन बसली आणि विचारलं, काकू, माणूस पाण्यात किती वेळ राहू शकतं? मी म्हटलं, का गं? म्हणाली, तुम्ही आईची जोडी आहात ना, म्हणून तुम्हाला विचारलं. मी तिला बिस्किट दिलं.

मला लिहायचीही लाज वाटते. मी तिला बिस्किट दिलं.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

कप्तान एकटाच होडी फिरवून आला. म्हणाला, डाव्या बाजूला जड लागते, लाकूड पाणी प्यायलंय वाटतं.

तो आत गेल्यावर मी धक्क्यावर गेले. लख्ख ऊन होतं. डाव्या कडेवर, बाहेरून धरलेली, चार बोटं. पांढरी. करंगळी वाकडी, बाजूला. ती बोटं कुणाकडे काही मागत नव्हती. धरून होती फक्त.

मी हाक मारायला हवी होती.

मी आत आले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

वहिनी ओट्यापाशी आल्या, माझा हात धरला. हळूच म्हणाल्या, तू आहे म्हणालीस म्हणून मी आहे. आता नाही म्हणू नकोस हं. साखर किती घालू, हे त्याच आवाजात विचारलं.

बुधवार, १७ ऑक्टोबर

सांगायला गेले. कप्तान कप विसळत होता. म्हणाला, तुमचे उपकार — मी फडकं घेऊन कप पुसायला लागले.

सांगितलं तर चिमणीची आई मी मारली. नाही सांगितलं तर ती अजून तिथेच —

पुन्हा पाहून आले. आज तीनच बोटं.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

उद्या आठ वाजता शेवटची फेरी. जेवताना जोड्या बदलायचं ठरलं. वहिनींनी कन्येला मागून घेतलं. म्हणाल्या, आईनं मला सांभाळलं, मी तिच्या लेकीला सांभाळीन. सगळे हसले. मीही. कन्या खूश आहे — तिचा हात त्यांच्या हातात — सोडतच नाहीत —

संध्याकाळी धक्क्यावर गेले. एकच बोट. वाकडं.

उद्याचं एकच काम : कप्तानाला सांगणे. चहाच्या आधी. निदान चहा झाल्यावर, मुली धक्क्यावर उतरायच्या आत, निदान दोर सोडायच्या —